दूरध्वनीवरून संगणकाची दुरुस्ती
माणदेशातील दहिवडी, म्हसवड वा आटपाडी परिसरात ग्रामपंचायतीचा अथवा शाळेचा संगणक विषाणूने बाधित झाला, की जाणकार मित्र बहुधा पुण्या-मुंबईत असतो. अशा वेळी दूरध्वनीवरूनही पुष्कळ साहाय्य करता येते. मात्र कामाचा क्रम चुकता कामा नये.

प्रथम इंटरनेटची जोडणी तोडावी. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा विषाणू जोडणीतूनच एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरला होता. मित्रास पडदा दिसत नाही. म्हणून त्यावरील मजकूर अक्षरशः वाचून दाखवावा. मित्रानेही एका वेळी एकच सूचना द्यावी व परिणाम ऐकूनच पुढे जावे. विषाणू शोधण्याचे साधन दुसऱ्या निर्दोष संगणकावर उतरवून आणावे. केंद्र शासनाच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावर अशी साधने विनामूल्य मिळतात. त्यानंतर बाधित संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून तपासावा. पासवर्डही निर्दोष संगणकावरूनच बदलावेत.

दूरध्वनी नेहमी आपण होऊन, ओळखीच्या क्रमांकावर करावा. अनाहूतपणे फोन करून संगणकाचा ताबा मागणारा ‘मदतनीस’ भामटा समजावा. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

विषाणूने फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली असेल, तर मित्राचा उपाय बहुधा चालत नाही. तेथे पूर्वी काढून ठेवलेली प्रतच उपयोगी पडते. यास्तव करआकारणीच्या व विद्यार्थ्यांच्या नोंदींची प्रत नियमितपणे काढून संगणकापासून अलग ठेवावी.