धागा तुटला की माग थांबतो

मुलांनो, जालना जिल्ह्यातल्या आमच्या राजूरला गणपतीचं मोठं देवस्थान आहे. अंगारकी चतुर्थीला इथं पाय ठेवायला जागा नसते. एसटी, ट्रॅक्टर, जीप, काळी-पिवळी आणि लांबलांबच्या गावांहून आलेल्या नाना तऱ्हेच्या मोटारी! आमच्याकडच्या मुलांचा त्या दिवशीचा आवडता खेळ म्हणजे गाडी दिसली की कंपनीचं नाव ओळखायचं. इनोव्हा दिसली की सगळी एकदम ओरडतात, "टोयोटा!" आणि त्यातला एखादा शहाणा हमखास म्हणतो, "ही गाडी कधी बंदच पडत नाही म्हणे!"

आता, कधीच बंद पडत नाही अशी गाडी जगात नाही. पण लोक टोयोटाबद्दल असं बोलतात, हे मात्र खरं. एवढं नाव या जपानी कंपनीनं कसं कमावलं? कमावल्यावर ते सांभाळलं का? आणि आपल्या मराठी माणसांशी तिचं नातं काय? चला, पाहू या. गंमत म्हणजे ही गोष्ट मोटारीपासून सुरू होत नाही. ती सुरू होते एका हातमागापासून.

सुताराचा मुलगा

साकिची टोयोडा १८६७ साली जपानमधल्या एका खेड्यात जन्मला. वडील सुतार होते. आई हातमागावर कापड विणायची. तुमच्यापैकी कुणी येवल्याला किंवा पैठणला माग पाहिला असेल, तर ते काम किती चिकाटीचं असतं हे ठाऊक असेल. उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा आणि त्यातून जाणारा आडवा धागा म्हणजे बाणा. बाण्याचा धोटा सारखा इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवायचा. दिवस संपतो, पण कापड वीतभरच पुढे सरकलेलं असतं.

आईचे कष्ट कमी करावेत म्हणून साकिची मागाशी खटपट करत बसे. १८९१ साली त्याला सुधारलेल्या लाकडी हातमागाचं पेटंट मिळालं. पुढे त्यानं यंत्रावर चालणारा माग केला. पण एक अडचण होतीच. यंत्राला डोळे कुठे असतात? धागा तुटला तरी माग आपला धडधड चालूच राहायचा आणि पुढचं सगळं कापड वाया जायचं. म्हणून प्रत्येक मागावर नजर ठेवायला माणूस लागायचा.

साकिचीनं यावर उपाय काढला, तो फार साधा आहे. प्रत्येक उभ्या धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी अडकवायची. धागा ताणलेला असेपर्यंत पट्टी वर राहते. धागा तुटला की पट्टी टपकन खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. आडवा धागा संपला किंवा तुटला, तरी माग थांबावा अशीही सोय त्यानं केली होती. १९२४ साली बाप-लेकांनी मिळून तयार केलेला स्वयंचलित माग तर न थांबता धोटाही बदलायचा. आता एक कामगार पुष्कळ माग सांभाळू शकत होता. यंत्रं बनवण्यात जगात पुढे असलेल्या इंग्लंडमधल्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीनं १९२९ साली या मागाचे हक्क विकत घेतले.

चूक झाली की थांबायचं, हे सूत्र नीट लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट याच धाग्यावर विणलेली आहे.

'डो'चा 'टो' झाला

साकिचीचा मुलगा किइचिरो शिकून इंजिनिअर झाला. १९२३ साली टोकियो भागात फार मोठा भूकंप झाला. रेल्वे आणि ट्रॅमचे रस्ते उखडले. तेव्हा लोकांची ने-आण करायला अमेरिकेहून फोर्ड कंपनीच्या गाड्या मागवाव्या लागल्या. पुढे फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी जपानमध्येच गाड्या जोडायला सुरुवात केली. आपल्या देशाची मोटार आपणच का बनवू नये, असं किइचिरोच्या मनानं घेतलं.

१९३३ साली मागाच्या कारखान्यातच मोटारीचा विभाग सुरू झाला. तिथल्या माणसांनी एक शेव्हरोलेट गाडी आणली आणि चक्क खोलून टाकली. एकेक भाग हातात घेऊन पाहिला, मोजला, त्याची चित्रं काढली. १९३५ साली पहिला ट्रक बाजारात आला. तो कसा होता म्हणाल? सारखा बिघडायचा! वाटेत कुठे ट्रक अडकला की कंपनीची माणसं धावत जायची, जागेवर दुरुस्त करायची आणि काय बिघडलं ते परत येऊन सांगायची. त्यावरून पुढच्या ट्रकमध्ये सुधारणा व्हायची. आज जिचं नाव भरवशाचं मानतात, त्या कंपनीची सुरुवात अशी झाली.

आणि नावाची गंमत ऐका. घराण्याचं आडनाव टोयोडा. १९३६ साली कंपनीनं बोधचिन्हासाठी लोकांकडून कल्पना मागवल्या, तेव्हा सुमारे २७ हजार आल्या! त्यातून 'टोयोटा' हे रूप पुढे आलं. जपानी लिपीत ते लिहायला आठ फटकारे लागतात आणि जपानी लोक आठ हा आकडा शुभ मानतात. १९३७ साली टोयोटा मोटर कंपनी रीतसर स्थापन झाली. पुढे १९५९ साली कंपनीच्या गावानंही जुनं 'कोरोमो' हे नाव सोडून 'टोयोटा' हे नाव घेतलं.

दोरी ओढा, का विचारा

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानचे हाल झाले. १९५० साली कंपनी बुडायच्या बेताला आली. हजारावर कामगारांना जावं लागलं, संप झाला आणि किइचिरोनं अध्यक्षपद सोडलं. दोन वर्षांनी तो वारला. कंपनी सावरली, पण पैसा कमी, जागा कमी. माल वाया घालवणं परवडणारच नव्हतं.

त्या वेळी ताइची ओहनो नावाचा एक माणूस तिथं होता. तो टोयोडांच्या कापड गिरणीतून मोटारींकडे आलेला. मागाचं सूत्र त्यानं मोटारीच्या कारखान्यात आणलं. तिथं गाड्या ओळीनं पुढे सरकत असतात आणि प्रत्येक कामगार आपला एकेक भाग बसवतो. आता कुणालाही चूक दिसली की त्यानं वरची दोरी ओढायची. दिवा लागतो, प्रमुख धावत येतो आणि चूक तिथल्या तिथं निस्तरली नाही, तर सगळी ओळ थांबते. साध्या कामगारानं अख्खा कारखाना थांबवायचा! इतर ठिकाणी अशा माणसाला बोलणी बसली असती. इथं मात्र ते त्याचं कामच होतं.

ओहनोची दुसरी युक्ती तर आपल्या घरातलीच वाटते. डब्यातली डाळ संपत आली की आई किराणा दुकानात चिठ्ठी पाठवते. वर्षाची डाळ एकदम भरली तर पैसा अडकतो, कीडही लागते. कारखान्यातही जो भाग वापरला गेला, त्याची पाटी मागे पाठवायची आणि पाटी आली तेवढाच नवा भाग बनवायचा. या पाटीला जपानी भाषेत 'कानबान' म्हणतात.

तिसरी युक्ती म्हणजे पाच वेळा 'का?' विचारणं. आमच्या वर्गात मुलांनी हा खेळ करून पाहिला. सायकल पंक्चर झाली. का? बाभळीचा काटा घुसला. काटा रस्त्यावर का आला? कुंपणाच्या फांद्या बैलगाडीतून पडल्या. का पडल्या? सैल बांधल्या होत्या. सैल का? दोर अपुरा पडला. अपुरा का? निघण्यापूर्वी कुणी दोर पाहिलाच नाही! एका 'का'वर थांबलो असतो, तर पंक्चर काढून मोकळे झालो असतो आणि उद्या दुसऱ्याची सायकल पंक्चर झाली असती.

अशा सवयींमुळे हळूहळू नाव झालं. तेही सरळ नाही बरं का! १९५७ साली टोयोटानं 'क्राऊन' मोटार अमेरिकेत नेली. तिथल्या लांबलचक रस्त्यांवर वेगात पळताना तिचं इंजिन तापू लागलं, गाडी थरथरू लागली. शेवटी १९६० साली ती पाठवणं थांबवलं आणि कंपनी पुन्हा तयारीला लागली. १९६६ साली 'कोरोला' आली. १९७३ साली जगभर पेट्रोल महागलं, तेव्हा कमी पेट्रोल पिणाऱ्या छोट्या जपानी मोटारी सगळ्यांना हव्याशा झाल्या. २०२१ पर्यंत ५ कोटींहून जास्त कोरोला विकल्या गेल्या. १९९७ साली पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी 'प्रियस' निघाली. २००८ साली टोयोटा जगात सर्वांत जास्त गाड्या विकणारी कंपनी ठरली.

नांगर आणि माग

आता आपल्याकडे वळू. साकिचीनंतर दोनच वर्षांनी, १८६९ साली, लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले. बेळगावला त्यांचं सायकलचं दुकान होतं. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनवला. पण लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत! नांगर खपेनात. लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही, नांगर सुधारत राहिले. १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या जागेवर त्यांनी किर्लोस्करवाडी उभी केली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे.

ही दोन घराणी पुढे एकत्र आली, तीही आधी कापडाच्याच निमित्तानं. १९९५ साली बंगळूरजवळ सूत कातण्याची यंत्रं बनवणारी कंपनी दोघांनी मिळून काढली. मग १९९७ साली टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी स्थापन झाली. त्यात पुढाकार होता किर्लोस्करांच्या चौथ्या पिढीतल्या विक्रम किर्लोस्कर यांचा. २०२२ साली त्यांचं निधन झालं. कर्नाटकातल्या बिदडीच्या कारखान्यातून 'क्वालिस' निघाली आणि २००० साली बाजारात आली. २००५ साली तिची जागा 'इनोव्हा'नं घेतली. लग्नाचं वऱ्हाड असो की मंत्र्यांचा ताफा, इनोव्हा हवीच, अशी तिची ख्याती झाली. बिदडीला २००७ पासून एक प्रशिक्षण संस्थाही आहे. तिथं कर्नाटकातल्या खेड्यापाड्यांतली दहावी झालेली मुलं कारखान्याचं काम शिकतात. त्याच कारखान्यात २०१४ आणि २०२० साली कामगार आणि मालक यांच्यात वाद होऊन टाळेबंदीही झाली होती, हेही सांगायला हवं.

आणि दोरी ओढली नाही, तेव्हा?

मोठ्या नावाचा एक धोका असतो. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत या कंपनीच्या एका मोटारीचा वेग आवरेना. पायाखालच्या चटईत वेगाचा पेडल अडकला होता. अपघातात चौघांचा जीव गेला. पेडलच्याही तक्रारी निघाल्या. कंपनीला जगभरातून ८० लाखांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये किइचिरोचा नातू अकिओ टोयोडा याला अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे उभं राहावं लागलं. आपण फार घाईनं वाढलो, माणसं आणि पद्धती त्या वेगानं तयार झाल्या नाहीत, असं त्यानं कबूल केलं आणि माफी मागितली. सुरक्षिततेबद्दल ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ साली कंपनीनं १२० कोटी डॉलर दंड भरला.

जानेवारी २०२४ मध्ये तर आणखी वाईट वाटावं असं घडलं. डिझेल इंजिनांच्या चाचणीत आकडे चांगले दिसावेत म्हणून गडबड केल्याचं उघड झालं. ही इंजिनं बनवणारी कंपनी कोणती? साकिचीनं मागासाठी काढलेली, तीच! आपल्याकडच्या काही गाड्यांची रवानगीही तेव्हा काही काळ थांबली. धागा तुटताच थांबणारा माग जिथं तयार झाला, तिथंच तुटलेला धागा झाकला गेला. २०२० ते २०२४ अशी सलग पाच वर्षं हा समूह गाड्यांच्या विक्रीत जगात पहिला होता. पण विक्रीचा आकडा मोठा असला, म्हणून विश्वासाला तडा जात नाही असं थोडंच आहे?

हे सगळं आपल्याला का कळायला हवं, सांगू? ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्कर आणि महाराष्ट्र सरकार यांच्यात छत्रपती संभाजीनगरला मोटारींचा कारखाना उभारण्याबाबत करार झाला. सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची आणि हजारो नोकऱ्यांची बोलणी तेव्हा झाली. जागा पुढे आली ती बिडकीनची. बिडकीन पैठण तालुक्यात आहे आणि पैठण म्हणजे पैठणीच्या मागांचं गाव!

पालकांनो, अशी बातमी आली की आपण मुलांना सांगतो, मार्क मिळव म्हणजे नोकरी लागेल. मार्क हवेतच. पण अशा कारखान्यात उद्या आपलं मूल उभं राहिलं आणि समोर चूक दिसली, तर दोरी ओढायचं धाडस त्याला होईल का? ते धाडस घरी आणि शाळेत शिकायचं असतं. "चुकलं" म्हणणाऱ्या मुलाला आपण धपाटा घातला, तर ते पुढच्या वेळी तुटलेला धागा झाकेल. तेव्हा आपणही आधी "का बरं?" एवढंच विचारू या.

करून पाहा

या आठवड्यात तुमचं जे काही बिघडेल, म्हणजे गणित चुकेल, पेन गळेल, एसटी चुकेल, त्याखाली वहीत पाच वेळा 'का?' लिहा आणि प्रत्येकाचं खरं उत्तर लिहा. "त्याच्यामुळे", "तिच्यामुळे" अशी उत्तरं चालणार नाहीत हं! कुणाचं नाव न घेता कारण शोधायचं. पाचव्या उत्तरापर्यंत पोचलात, की वही शिक्षकांना नक्की दाखवा.