खोट्या पत्त्यावरचा रानपिंगळा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अंधेरीत आमच्या इमारतीमागे एक जुनं चिंचेचं झाड अजून उरलं आहे. त्याच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहते. दिवेलागणीला त्यांचं भांडण सुरू झालं की मजल्यावरची पोरं गॅलरीत जमतात. माझी भाची लहानपणापासून ही भांडणं ऐकत आली. पुढे ती बी.एस्सी.ला गेली आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला तिने विषय घेतला महाराष्ट्रातल्या पिंगळ्यांचा. एका रविवारी ती कागदांची चळत घेऊन माझ्याकडे आली. मी बी.ए., तेही मराठी घेऊन. जीवशास्त्र आणि मी यांच्यात समोरच्या चिंचेपलीकडे काही नातं नाही. पण तिचं मागणं साधं होतं. "मामू, जरा शुद्धलेखन बघा ना."

शुद्धलेखन बघता बघता एका वाक्याशी मी अडलो. 'रानपिंगळा हा दुर्मीळ पक्षी गुजरातेत तापीकाठी मांडवी येथेही मिळाला आहे.' त्याखाली संदर्भ दिले होते पाच. तिच्याजवळ त्या पाचही पानांच्या प्रती होत्या. मी त्या शेजारी शेजारी मांडल्या. पाचही ठिकाणी वाक्य जवळजवळ एकच. शब्दांचा क्रमसुद्धा तोच. आमच्या धंद्यात अशी गोष्ट चटकन डोळ्यात भरते. मी विचारलं, "बेटा, हे पाहिलं कुणी?" ती म्हणाली, "पाच ठिकाणी लिहिलंय मामू. म्हणजे खरंच असणार ना?"

हा प्रश्न मला रोज भेटतो. सकाळी मोबाइलवर गालिबच्या नावाने एक शेर येतो. दुपारपर्यंत तोच दहा जणांकडून येतो. गालिबने तो कधी लिहिलेला नसतो. दहा जणांनी पाठवला म्हणून दहा साक्षीदार होत नाहीत. साक्षीदार एकच, आणि बहुतेक वेळा तोही खोटा. भाचीला म्हटलं, चल, या वाक्याचं मूळ गाव शोधू. त्याला आम्हाला तीन शनिवार लागले. हाती जी हकीकत लागली, ती पक्षिशास्त्राच्या जगात प्रसिद्ध आहे. आपल्या महाराष्ट्रातली असूनही आपल्या लोकांना मात्र फारशी ठाऊक नाही.

रानपिंगळ्याचं पहिलं वर्णन १८७३ साली अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी केलं. हेच ह्यूम पुढे काँग्रेसच्या स्थापनेत होते. 'स्ट्रे फेदर्स' नावाचं पक्ष्यांवरचं नियतकालिक ते स्वतः चालवत, त्यातच हे वर्णन छापलं. नमुना आजच्या छत्तीसगडाच्या बाजूचा होता. पुढे आपल्या खानदेशात जेम्स डेव्हिडसन नावाचे एक सनदी अधिकारी होते. त्यांनी १८८० नंतरच्या चार-पाच वर्षांत शहादा-तळोदा भागातून हे पक्षी मिळवले. पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची त्यांची यादी १८८२ मध्ये 'स्ट्रे फेदर्स'मध्येच आली. १८८४ नंतर मात्र पक्षी दिसेनासा झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून पेंढा भरलेले सातच नमुने, आणि त्यातला सातवा होता १९१४ चा, मांडवीचा. तो मिळवल्याचा दावा होता कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांचा.

हे कर्नल म्हणजे बडं प्रस्थ. १९५४ साली त्यांनी लंडनच्या संग्रहालयाला वीस हजारांच्या आसपास पक्षी भेट दिले. आपले सालिम अली १९३७ मध्ये त्यांच्याबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले होते. अशा माणसाने चिठ्ठीवर मांडवी लिहिलं तर शंका कोण घेणार? (शंका घेणारे होते. चोरीच्या संशयावरून त्याच संग्रहालयाच्या पक्षी विभागात त्यांना काही काळ बंदी होती. पण असल्या गोष्टी संदर्भग्रंथांत उतरत नाहीत.) सगळ्यांत अलीकडची नोंद तीच, म्हणून पुढे रानपिंगळा शोधू निघालेल्यांची पावलं मांडवीच्या दिशेने वळली. पक्षी काही मिळाला नाही. तो नामशेष झाला असावा, असं हळूहळू मानलं जाऊ लागलं.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने हा सातवा नमुना हातात घेतला. तिने आणि नायजेल कॉलर यांनी तो बारकाईने तपासला, क्ष-किरणांखालीही पाहिला. पक्षी पुन्हा उसवून नव्याने भरलेला होता. मुळात तो भरण्याची पद्धत मात्र डेव्हिडसनची. म्हणजे डेव्हिडसनने खानदेशातून पाठवलेलाच एक पक्षी कर्नलसाहेबांनी संग्रहालयातून उचलला होता, त्याची शिवण बदलली होती आणि त्यावर आपली चिठ्ठी बांधली होती. १९९९ मध्ये हे सगळं 'आयबिस' या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात सविस्तर प्रसिद्ध झालं.

पण ते छापून येण्याआधीच रासमुसेन कामाला लागली होती. मांडवी खोटी ठरली, तर उरले फक्त जुने, खरे पत्ते. बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना बरोबर घेऊन ती त्या पत्त्यांवर गेली. आधी पूर्वेकडची ठिकाणं पालथी घातली, मग शहादा. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळच्या डोंगरात, उघड्या फांदीवर, भर उजेडात रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनंतर! हा पक्षी दिवसा वावरणारा आहे. सातपुड्यातल्या गावकऱ्यांच्या डोळ्यांसमोर तो इतकी वर्षं असणारच. आपण मात्र कागदावरच्या पत्त्यावर शोधत होतो, आणि पत्ताच चोरीचा होता.

हे ऐकून भाची गप्प झाली. मग म्हणाली, "पण मामू, माझी पाच पुस्तकं खोटी कशी?" पुस्तकं खोटी नव्हती. ती १९९९ च्या आधीची होती. आणि ती तिलाच का सापडली? यातच आजच्या विद्यार्थ्याची खरी अडचण आहे. जुनी पुस्तकं स्वामित्व हक्कातून सुटली की कुणीतरी ती स्कॅन करून इंटरनेटवर फुकट ठेवतं. नवा निबंध बरेचदा कुलपाआड असतो; उघडायचा तर डॉलर मोजा. साहजिकच मुलांच्या हाती जुनं आधी येतं. जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सब्स्क्रिप्शन' योजनेत सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना सुमारे तेरा हजार नियतकालिकं खुली झाली आहेत. ज्यांचं कॉलेज त्यात बसत नाही, त्यांनी एक साधा उपाय करावा: निबंधाच्या लेखकालाच दोन ओळींचा ई-मेल पाठवावा. संशोधक मंडळी निबंध आनंदाने पाठवतात. आम्हा कवींसारखंच त्यांनाही वाचक हवा असतो.

पण जुनं ते टाकाऊ, असाही अर्थ घेऊ नका. या गोष्टीत डेव्हिडसनची १८८२ ची यादी खरी ठरली आणि तिच्या बत्तीस वर्षांनंतरची नोंद खोटी. म्हणून साल बघायचं, पण नुसत्या सालावर निकाल द्यायचा नाही. प्रत्यक्ष कुणी पाहिलं, कुठे, कधी, आणि आज दाखवायला काय आहे, हे विचारायचं. नमुना, फोटो, आवाजाचं ध्वनिमुद्रण, काहीतरी. पुस्तकाने दुसऱ्या पुस्तकाचं नाव सांगितलं तर ते दुसरं पुस्तक उघडायचं, आणि साखळीचं पहिलं टोक हाती येईपर्यंत मागे जायचं. आपल्याकडे एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून, ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, तो शके १५०६ मध्ये. नकलताना शिरलेल्या चुका त्यांनी अशाच निवडून काढल्या. मराठी माणसाला हे काम नवं नाही.

शोध घेताना नावं फार फसवतात. रानपिंगळ्याचं शास्त्रीय नाव ह्यूमने 'हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी' ठेवलं, मधल्या ग्रंथांत 'अथीनी ब्लेविटी' आलं, मग पुन्हा जुनं नाव वापरात आलं, आणि २०१८ च्या जनुकीय अभ्यासाने त्याला परत 'अथीनी'त बसवलं. एकाच नावाने शोधलंत तर अर्धं साहित्य हातातून निसटेल. गावांचंही तेच. १९९७ मध्ये पक्षी दिसला तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी सगळा मिळून खानदेश. एका निबंधात धुळे, दुसऱ्यात नंदुरबार वाचून भाचीला वाटलं होतं, दोन वेगळी ठिकाणं आहेत! धोक्याच्या पातळीचंही तसंच. जागतिक यादीत हा पक्षी 'अतिसंकटग्रस्त' होता, २०१८ मध्ये तो 'संकटग्रस्त' गटात आला. दोन्ही माहिती आपापल्या तारखेला बरोबर.

आता जायचं कुठे? मुंबईकर या बाबतीत भाग्यवान आहे. चर्चगेटला उतरून लायन गेटसमोर हॉर्नबिल हाउसमध्ये जा. तिथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. १८८३ मध्ये ती आठ जणांनी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन आपले. तिथलं ग्रंथालय पाहावं, जाण्याआधी प्रवेशाची चौकशी करावी. १८८६ पासून निघणाऱ्या सोसायटीच्या नियतकालिकाचे जुने अंक आणि 'स्ट्रे फेदर्स'सुद्धा 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी' या संकेतस्थळावर घरबसल्या फुकट वाचता येतात. विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर मिळतात. विकिपीडिया मी वर्ज्य मानत नाही, पण त्याचा उपयोग तळच्या टिपांसाठी. त्या दरवाजातून आत जावं, उंबरठ्यावरच बसून राहू नये.

नियतकालिक आहे म्हणजे विश्वासार्हच, हेही खरं नाही. पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्यांचा सुळसुळाट इतका झाला की, २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या यादीतून एकदम ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. निबंध छापण्याआधी तो जाणकारांकडे तपासायला जातो का, संपादक मंडळावरची माणसं खरोखर त्या विषयातली आहेत का, हे पाहायला दहा मिनिटं पुरतात.

तिसऱ्या शनिवारी एक गंमत झाली. भाचीने मोबाइलवरच्या एका बोलक्या प्रोग्रॅमला रानपिंगळ्याबद्दल विचारलं होतं. त्याने एक झकास संदर्भ दिला: लेखक, साल, खंड, पान, सगळं जिथल्या तिथे. आम्ही ग्रंथालयात तो खंड काढून घेतला. धूळ झटकली, पान उघडलं. तिथे लेख होता माशांवर. लेखकाच्या नावाने सूचीत काहीच नाही. कर्नलने निदान खरा पक्षी तरी चोरला होता! भाची आधी हसली, मग शांतपणे आपल्या यादीतले उरलेले सगळे संदर्भ एकेक करून ताडू लागली. एकोणीसपैकी चार गळाले.

मांडवीचं वाक्य तिने खोडलं नाही, हे मला आवडलं. 'खोट्या ठरलेल्या नोंदी' असं वेगळं शीर्षक घातलं आणि दावा कुणाचा, तो कुणी, कधी आणि कशावरून फेटाळला, ते चार ओळींत लिहिलं. वर्तमान आढळाच्या तक्त्यात मेळघाट, तोरणमाळ, यावल यांच्याबरोबर तानसा आलं. तिथे २०१४ मध्ये रानपिंगळा दिसला. तानसा म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्यातलं, मुंबईच्या नळाला पाणी देणाऱ्या तलावाभोवतीचं जंगल. त्या ओळीपुढे तिने पेन्सिलीने एक खूण केली होती. विचारलं तर म्हणाली, "ही नोंद ज्यांनी केली त्यांचा निबंध वाचलाय मामू, फोटो अजून नीट बघायचाय. डोक्यावर ठिपके किती आणि शेपटीचे पट्टे केवढे रुंद, ते बघते. आपल्या चिंचेवरचा साधा पिंगळा तर नाही ना, याची खात्री नको का करायला?"