ट्रॉली ओढता येते, पण थांबवता येते का?

दसरा-दिवाळी उलटली आणि कारखान्यांचे बॉयलर पेटले की आपल्या भागातले रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरून जातात. ऊस नसेल तिथे सोयाबीन असते, कापूस असतो, कांदा असतो, शेणखत असते. एके काळी हे सारे ओझे बैलगाडीने वाहिले. आज बहुतेक घरी ते काम ट्रॅक्टरच्या मागची ट्रॉली करते. ट्रॉलीने वेळ वाचवला, बैलांचे कष्ट वाचवले, बाजार जवळ आणला. पण दर हंगामात एखाद्या घरचा कर्ता माणूस, एखादे पोर, एखादी मजुरीला निघालेली माउली याच ट्रॉलीपायी जाते, हेही आपण पाहतो. मग लोक म्हणतात, “नशीब!” शेतकरी बंधू-भगिनींनो, यातले नशिबाचे फार थोडे असते. बाकी सारे वजनाचे, उताराचे आणि एका पिनेचे असते.

ट्रॅक्टर घेताना आपण विचारतो, “किती ओढतो?” पण “किती थांबवतो?” हे कोणी विचारत नाही. सगळ्या अपघातांचे मूळ इथेच सापडते.

साधारण ४० ते ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन २ टनांच्या आसपास असते. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या त्याच्या मागे लावल्या की १५ टनांच्या पुढे माल होतो. सपाट रस्त्यावर, खालच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर एवढे ओढून नेतो. पण पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणजे २ टनांच्या ट्रॅक्टरने आपल्या सातपट-आठपट ओझ्याला अडवायचे! चढावर ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो हे खरे, पण उतारावर आणि ब्रेक लावताना ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. ही गोष्ट ज्याच्या मनात पक्की बसली, तो चालक निम्म्या संकटातून सुटला.

वेग दुप्पट, धोका चौपट

ताशी २० किलोमीटरने चाललेला ट्रॅक्टर एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जातो. समोर म्हैस आडवी आली, ती डोळ्यांना दिसली आणि पाय ब्रेकवर पडला, एवढ्यात साधारण एक सेकंद निघून जातो. ब्रेक त्यानंतर काम सुरू करतो. वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट होत नाही, ते चौपट होते. म्हणून भरल्या ट्रॉलीने घाई करू नये. एखादी खेप कमी झाली तरी चालेल.

ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पायटे असतात, डाव्या चाकाचा एक आणि उजव्या चाकाचा एक. नांगरताना शेताच्या कडेला चटकन वळता यावे म्हणून ही सोय आहे. रस्त्यावर मात्र हीच सोय घातक ठरते. घाईत एकच पायटा दाबला गेला तर ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन वळतो आणि मागची ट्रॉली त्याला आडवा पाडते. म्हणून शेतातून रस्त्यावर येताच दोन्ही पायटे जोडणारी पट्टी लावलीच पाहिजे. आठवड्यातून एकदा मोकळ्या, सपाट जागी रिकामा ट्रॅक्टर हळू चालवून ब्रेक लावून पाहावा. तो सरळ रेषेत थांबला तर ठीक. एका बाजूला ओढला तर मिस्त्रीकडून दोन्ही ब्रेक सारखे करून घ्यावेत.

उतार लागला की काही चालक डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करतात. असे कधीही करू नये. गिअर काढला की इंजिनाची अडवण्याची ताकद गेली, आणि सगळा भार तापणाऱ्या ब्रेकवर आला. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. जो गिअर तो चढ चढायला लागला असता, तोच उतरायला वापरावा. मध्येच क्लच दाबून गिअर बदलू नये, कारण पुन्हा गिअर पडला नाही तर ट्रॉली मोकळी सुटते. चार पैशांच्या डिझेलपायी ट्रॅक्टर, माल आणि माणूस पणाला लावण्यात कसला आला शहाणपणा?

गाडी भरण्याची जुनी विद्या

बैलगाडी भरणारे आपले वाडवडील माल मागेपुढे सरकवून गाडी ‘उलाळ’ होणार नाही, म्हणजे मागे जड होऊन जू वर उचलणार नाही, हे आधी पाहत. दोन चाकी ट्रॉलीला तोच न्याय लागू आहे. माल मागे जास्त गेला तर ट्रॉलीचा दांडा ट्रॅक्टरची मागची बाजू वर उचलतो. चाकांची जमिनीवरची पकड कमी होते आणि ब्रेकही नीट लागत नाही. माल फार पुढे आला तर ट्रॅक्टरचे पुढचे टोक हलके होते आणि स्टेअरिंग हाताला लागेनासे होते. माल समतोल ठेवून दांड्यावर बेताचे वजन येऊ द्यावे. उसाची रास फाळक्यांच्या फार वर नेऊ नये. जितकी उंची जास्त, तितकी वळणावर ट्रॉली कलंडण्याची भीती जास्त. वरून दोर आवळून बांधावा.

ट्रॉली नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडावी. वरच्या आडव्या दांड्याला साखळी अडकवून ओढण्याचा मोह चिखलात अडकल्यावर होतो. ओढ मागच्या आसापेक्षा वरून लागली की ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत तो मागे उलटतो. खाली चालक सापडतो. अडकलेल्या मागच्या चाकांना लाकडाचा ओंडका बांधून जोर लावणे हेही तितकेच वाईट. चाक अडकून राहते आणि ट्रॅक्टर स्वतःच आसाभोवती फिरून उभा राहतो. अडकलात तर ट्रॉली सोडवा, माती उकरा, मागे घेऊन पाहा, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर बोलवा. पुढचे टोक उचलू लागले असे वाटताच क्लच दाबावा. आणि लक्षात ठेवा, डोक्यावरचे सावलीचे छत म्हणजे उलटताना जीव वाचवणारी लोखंडी चौकट नव्हे.

एक पिन आणि एक साखळी

ट्रॉली आणि ट्रॅक्टर यांना जोडणारी पिन मनगटाएवढी नसते, पण सारे ओझे तिच्यावर असते. हरवली म्हणून तिच्या जागी सळईचा तुकडा घालू नये. पिन वरून खाली घालावी, म्हणजे धक्क्याने ती वर निघणार नाही, आणि खाली तिची क्लिप लावल्याशिवाय निघू नये. झिजून कंबर बारीक झालेली पिन भंगारात टाकावी. शिवाय ट्रॉली ते ट्रॅक्टर अशी एक मजबूत साखळी बांधावी. पिन तुटलीच तर ट्रॉली मोकाट सुटत नाही.

ट्रॉली जोडताना एक जण ट्रॅक्टर मागे घेतो आणि दुसरा दांडा धरून मधे उभा राहतो, हे चित्र गावोगाव दिसते. क्लचवरून पाय निसटला तर मधला माणूस चेंगरतो. मदतनीसाने बाजूला, चालकाला दिसेल असे उभे राहावे. ट्रॅक्टर पूर्ण थांबून हँडब्रेक लागल्यावरच त्याने मधे जाऊन पिन घालावी.

उचलून माल ओतणारी ट्रॉली असेल तर दोन पथ्ये पाळावीत. वर विजेच्या तारा नाहीत हे पाहिल्याशिवाय ती उचलू नये. आणि उचललेल्या ट्रॉलीखाली मजबूत टेकू दिल्याशिवाय हात किंवा डोके घालू नये, कारण तेलाची एक नळी फुटली की ती खाली आदळते.

ट्रॅक्टरवर एकच आसन

आता सर्वांत नाजूक विषय. “मला बसव ना दादा,” म्हणून पोर मागे लागते आणि आपण त्याला मडगार्डवर बसवतो. एका खड्ड्यात ते घसरले तर थेट मागच्या चाकाखाली जाते. ट्रॅक्टरवर एकच आसन चालकासाठी बनवलेले असते. मडगार्ड आणि ट्रॉलीचा दांडा या बसायच्या जागा नव्हेत. अंगणात ट्रॅक्टर मागे घेण्यापूर्वी खाली उतरून चाकांमागे पाहावे आणि लहान मुले कुणाच्या तरी हाताशी आहेत याची खात्री करावी. घरी आल्यावर किल्ली ट्रॅक्टरला लटकत ठेवू नये.

सुगीत मजुरांना ट्रॉलीत भरून नेतात, जत्रेला आणि लग्नालाही ट्रॉलीनेच जातात. पण ट्रॉली मालासाठी आहे. एप्रिल २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात शेतमजूर महिलांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि ७ महिला मृत्युमुखी पडल्या. त्या हिंगोली जिल्ह्यातील गुंज गावच्या होत्या. सकाळी भाकरी बांधून निघालेल्या बायका संध्याकाळी परतल्या नाहीत. त्यांच्या घरांचे काय झाले असेल ते सांगायला नको. मजुरांसाठी प्रवासी गाडी करावी, नाहीतर चालत जाऊ द्यावे. रोजाचा अर्धा तास बुडाला तरी तो महाग नाही.

विहीर, कॅनॉल किंवा ओढ्याच्या कडेने जाताना जितकी खोली असेल तितके तरी अंतर ठेवावे. पावसाने भिजलेली कड दिसायला घट्ट आणि आतून पोकळ असते. वाटेजवळच्या आपल्या विहिरीला कठडा नसेल तर यंदाच्या पिकाच्या पैशातून पहिला खर्च तोच करावा.

मिसरूड फुटायच्या आत पोरगा ट्रॅक्टर चालवतो याचा काही घरी अभिमान असतो. पण परवाना १८ वर्षांनंतरच मिळतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. कायद्याची गोष्ट सोडली, तरी कोवळ्या पायात ऐन वेळी ब्रेक गच्च दाबण्याइतके बळ नसते, आणि मनात भीती कमी असते.

रात्रीची ट्रॉली

अंधारात वेगाने येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला पुढची न दिसणारी ट्रॉली म्हणजे भिंतच असते. पुढे पांढरे, बाजूला पिवळे आणि मागे लाल रिफ्लेक्टर लावावेत आणि मागचा दिवा चालू ठेवावा. उसाचे वाढे मागे लोंबून हेच दिवे आणि रिफ्लेक्टर झाकतात, म्हणून भरून झाल्यावर मागे जाऊन पाहावे आणि वाढे छाटावेत. चिखल-धूळ फडक्याने पुसावी. ट्रॉली बंद पडली तर रस्त्याच्या कडेला घ्यावी आणि चाळीस-पन्नास पावले मागे खुणेचा त्रिकोण ठेवावा. चाकाला लावलेले दगड निघताना उचलावेत. आपला विसरलेला दगड पुढच्या माणसाचा काळ होतो. आणि टेपवरची गाणी इतकी मोठी नकोत की मागच्याचा हॉर्नही ऐकू येऊ नये.

देखभालीची वही

जनावराला जसे वेळेवर वैरण-पाणी, तसेच यंत्राचेही आहे. रोज सकाळी ट्रॅक्टर सपाट जागी उभा असताना, इंजिन बंद ठेवून, तेलाची पातळी पाहावी. रेडिएटरचे पाणी थंड असतानाच तपासावे, तापलेले झाकण उघडल्यास उकळते पाणी तोंडावर उडते. धुळीच्या दिवसांत एअर क्लीनर वरचेवर साफ करावा. संध्याकाळी टाकी भरून ठेवली तर रात्री टाकीत दवाचे पाणी जमत नाही. डिझेल भरताना इंजिन बंद ठेवावे, विडी विझवावी.

ट्रॉलीकडे मात्र कोणी पाहत नाही. तिच्या टायरची हवा, चाकांचे नट, पाटे आणि दांड्याचे वेल्डिंग रोज नजरेखालून घालावे. चाक बदलले असेल तर थोडे अंतर गेल्यावर नट पुन्हा आवळावेत. वाटेत थांबल्यावर चाकाच्या मधल्या भागाजवळ हाताची मागची बाजू न्यावी. तो तापला असेल तर बेअरिंगला ग्रीस हवे आहे असे समजावे. हंगाम संपल्यावर बेअरिंग उघडून, धुऊन नवे ग्रीस भरावे.

घरातील गृहिणीने किंवा शिकत्या मुलीने यासाठी एक वही घालावी. ऑईल कधी बदलले, ग्रीस कधी दिले, मीटरवर किती तास झाले, पिन कधी बदलली, हे त्यात लिहावे. आणि धनी ट्रॅक्टर सुरू करायला निघाले की दारातून विचारावे, “अहो, पिनेची क्लिप लावली का? ब्रेक जोडले का? मागे कोणी बसले नाही ना?” तीन प्रश्न विचारायला श्वासभर वेळ लागतो. ते विचारले म्हणून कोणी रागावले तरी चालेल. रागावलेला माणूस संध्याकाळी घरी जेवायला असतो, हे महत्त्वाचे.