आरोपीच्या बाजूने

दोषारोपपत्राची प्रत हातात आली की मी आधी तिचा दोरा सोडवते. पोलिसांनी बांधलेला गठ्ठा आहे तसा वाचला, तर तो त्यांनी लावलेल्या क्रमानेच डोक्यात शिरतो. फिर्याद वर, पंचनामे मागे, दवाखान्याचे कागद त्याहून मागे. मी सगळं सुटं करते आणि तारीख-वेळ पाहून नव्याने लावते. बलात्काराच्या खटल्यात एकच घटना निदान चार वेळा लिहिली जाते. पहिल्यांदा पोलीस ठाण्यात फिर्याद म्हणून, मग सरकारी रुग्णालयात डॉक्टर ‘हिस्टरी’ लिहून घेतात तेव्हा, मग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, आणि शेवटी सत्र न्यायालयात साक्षीच्या पिंजऱ्यात. पहिल्या तीन वेळा आरोपीच्या बाजूचं कुणीही तिथे नसतं. चौथ्या वेळी मी असते.

त्याआधी एका फुलस्केप कागदावर मी रकाने आखते. वेळ काय सांगितली, जागा कोणती, कोण कोण हजर होतं, झालेलं पहिल्यांदा कुणाला सांगितलं. एकेका जबाबातून उत्तरं उचलून रकान्यात भरायची. या कामाला तास लागतात, कारण हस्तलिखित जबाबांच्या झेरॉक्स फिकट असतात आणि ठाण्यातला लेखनिक आपली शब्दरचना प्रत्येक फिर्यादीच्या तोंडी घालतो. ‘माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले’ हे वाक्य शेतमजूर बाई बोलत नाही आणि कॉलेजातली मुलगीही बोलत नाही. त्यामुळे शब्दांतला फरक मी सोडून देते. माझं लक्ष माणसांवर, वेळेवर आणि क्रमावर असतं.

जिल्हा न्यायालयातल्या लोक अभिरक्षक कार्यालयातून मी हे काम करते. २०२२ च्या राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनेतून ही कार्यालयं उभी राहिली. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे, आणि त्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या कुणालाही मोफत वकील मागता येतो. माझ्याकडे येतात ते बहुतेक याच वाटेने. ऊसतोडीवरून उचललेला, वीटभट्टीवरचा, ज्याचे नातेवाईक पहिल्या दोन तारखांनंतर यायचे बंद झाले असा. खासगी वकील परवडत नाही हे एक कारण. दुसरं असं की गाव पेटलेलं असलं की मिळतच नाही. काही ठिकाणी वकील संघ ठराव करतात, अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही म्हणून. ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये असे ठराव बेकायदा आणि शून्यवत ठरवले, तरी ते होतच राहतात. संतापाच्या भरात केलेल्या अशा ठरावाचा अत्याचार झालेल्या मुलीला काडीचाही उपयोग होत नाही, हे मी आमच्या बाररूममध्ये प्रत्येक वेळी बोलून दाखवते. वकिलाशिवाय चाललेला खटला वरच्या कोर्टात टिकत नाही. तो पुन्हा चालवायची वेळ आली, की तिलाच पुन्हा पिंजऱ्यात यावं लागतं.

जेलमधल्या भेटीत मी ‘केलंस का?’ असं विचारत नाही. त्या दिवशी सकाळी उठल्यापासूनचं सांग, म्हणते. कुठे कामाला होतास, मुकादम कोण, मोबाईल कुणाच्या नावावर, जेवलास कुठे. खोटं बोलणारा घटनेबद्दल भराभरा बोलतो आणि बाकीच्या दिवसाबद्दल अडखळतो, असं म्हणतात. माझा अनुभव तसा नाही. खरं बोलणारेही अडखळतात, कारण अटकेच्या आधीच्या आठवड्यातला एक दिवस त्यांच्यासाठी इतर दिवसांसारखाच असतो. ज्याने मला कबुली दिली त्याचाही बचाव मी करते. मात्र त्याच्या वतीने मी खोटी गोष्ट रचत नाही आणि दुसऱ्या कुणावर बोट ठेवत नाही. सरकार पक्षाने आपला पुरावा शाबीत करावा, एवढंच मागते. काहींना शिक्षा होते. बलात्काराला किमान शिक्षा आता दहा वर्षं आहे आणि त्याखाली जायची मुभा न्यायाधीशांना नाही. म्हणून आरोपीला कोणतं कलम लागू होतं यावरचा माझा युक्तिवाद त्याच्या आयुष्यातल्या वर्षांबद्दल असतो.

जेलच्या बाहेर घरचे थांबलेले असतात. आई किंवा थोरला भाऊ, हातात कॅरीबॅग, तिच्यात आधार कार्ड आणि मोबाईल. आईचं बोलणं ठरलेलं. “मॅडम, ती पोरगी कशीय ते अख्ख्या गावाला ठावं हाय. तेवढं कोर्टात काढा.” भाऊ मोबाईल पुढे करतो. मुलीचे जत्रेतले फोटो, इन्स्टावरचे रील. मी ते बघत नाही. कायद्याने ती दारं बंद केली आहेत. २००२ मध्ये साक्षीपुराव्याच्या कायद्यातलं, पीडितेचं चारित्र्य वाईट म्हणून तिची साक्ष खोडायला परवानगी देणारं पोटकलम गेलं. २०१३ पासून तिचा पूर्वीचा लैंगिक अनुभव हा संमतीच्या प्रश्नाशी असंबद्धच धरला जातो. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दोन बोटांच्या तपासणीला पीडितेच्या हक्कांचा भंग म्हटलं. पण त्याच मोबाईलमध्ये दोघांमधले मेसेज असतील, घटनेच्या आधीचे आणि नंतरचे, तर ते मला हवे असतात. ते आवश्यक प्रमाणपत्रासह, मूळ फोनसह, काहीही न पुसता. आणि एक सक्त ताकीद देते. तिच्या घराकडे फिरकायचं नाही, मध्यस्थ पाठवायचा नाही, ‘लग्न लावून देऊ’ हा निरोप तर नाहीच. जामीन त्याच दिवशी जाईल, आणि जायलाच हवा.

ही दारं का बंद करावी लागली ते महाराष्ट्रातल्या वकिलाने तरी विसरू नये. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, आणि १९७८ मध्ये तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, मुलीला आधीचा अनुभव आहे. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर चळवळ उठली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या निकालामागे एक बचावही होता. त्याने कागदापेक्षा मुलीच्या शरीराकडे बोट दाखवलं आणि तो जिंकला. आम्हा बचावाच्या वकिलांना लोक आजही ज्या नजरेने बघतात, तिचा उगम मला तिथे दिसतो. ती नजर अन्यायाची आहे असं मी म्हणणार नाही.

आता उलटतपासाबद्दल. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक प्रसंग सांगते. आरोपी दोन होते. माझा पक्षकार आरोपी क्रमांक दोन. पहिल्याने अत्याचार केला आणि हा खोलीचं दार धरून बाहेर उभा होता, असा आरोप. माझ्या रकान्यांच्या कागदावर त्याच्या नावाचा रकाना फिर्यादीत रिकामा होता, डॉक्टरांच्या हिस्टरीत रिकामा होता. नाव आलं ते काही दिवसांनी घेतलेल्या पुरवणी जबाबात. खोलीत त्या बाईवर काय झालं याबद्दल मला एकही प्रश्न विचारायचा नव्हता.

सुनावणी इन कॅमेरा होती. दार बंद, आत न्यायाधीश, स्टेनो, शिरस्तेदार, सरकारी वकील, आम्ही दोघे बचावाचे, आणि पडद्यामागे आरोपी. सरतपासात ती थांबत थांबत सगळं बोलली. पहिल्या आरोपीच्या वकिलांचं झाल्यावर मी उठले. प्रश्न लहान विचारायचा, उत्तर आलं की थांबायचं. कारण साहेब ते वाक्य करून स्टेनोला सांगतात, टंकलेखन होतं, आणि पुढे वरच्या कोर्टात वाचलं जातं ते हे टंकलेलं वाक्य. तिचा आवाज तिथे पोचत नाही. फिर्याद पोलिसांनी तुम्हाला वाचून दाखवली होती का? हो. ती बरोबर लिहिली होती का? हो. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी काय घडलं ते विचारलं होतं ना? हो. मग मूळ मुद्दा: दाराबाहेर दुसरा मुलगा उभा होता हे तुम्ही फिर्याद देताना सांगितलं होतं का? ती म्हणाली, सांगितलं होतं. साहेबांनी लिहवलं: ‘आरोपी क्र. २ दाराबाहेर उभा होता असे मी फिर्याद देतेवेळी सांगितले होते. ते फिर्यादीत का नमूद नाही याचे कारण मी सांगू शकत नाही.’ महाराष्ट्रातल्या कुठल्याही सत्र न्यायालयाच्या साक्षीत हे वाक्य सापडेल. पण ते तिथे आलं म्हणजे काम संपलं असं नाही. तपासी अंमलदार पिंजऱ्यात येईल तेव्हा त्याच्याकडून वदवून घ्यावं लागतं की फिर्यादीत असं लिहिलेलं नाही. तेव्हाच तो लोप शाबीत होतो. नवखे वकील हा दुसरा टप्पा विसरतात आणि युक्तिवादाच्या दिवशी हात चोळत बसतात.

मी खाली बसले तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असावं, अजून खूप विचारायचं बाकी आहे. निकालात तिची साक्ष न्यायाधीशांनी विश्वासार्ह धरली, पहिल्याला शिक्षा झाली, आणि माझा पक्षकार संशयाचा फायदा मिळून सुटला.

सगळे खटले असे सुटसुटीत नसतात. भांडण संमतीचंच असतं तेव्हा त्या रात्रीबद्दल विचारणं टळत नाही. लग्नाच्या आमिषाच्या खटल्यांत तर नात्याचा सगळा पट उलगडावा लागतो. २०१९ च्या प्रमोद सूर्यभान पवार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाप्रमाणे वचन देतानाच ते न पाळण्याचा हेतू होता की नंतर ते मोडलं, हा प्रश्न निर्णायक असतो. त्याचं उत्तर कोर्टाबाहेर जन्मलेल्या शेकडो मेसेजमधून शोधावं लागतं.

पॉक्सोत काम आणखी वेगळं. कलम ३३ प्रमाणे मुलाला मी थेट प्रश्न विचारत नाही. मी न्यायाधीशांना देते, ते विचारतात. माझा टोकदार प्रश्न न्यायाधीशांच्या तोंडून ‘बाळ, तेव्हा आई कुठे होती गं?’ असा बाहेर पडतो, आणि मला ते योग्य वाटतं. या खटल्यांत मला सर्वाधिक वेळ द्यावा लागतो तो वयाला. मुलगा वीस-एकवीसचा, मुलगी सतराची, दोघं पळून गेलेली, बापाची फिर्याद. अठराच्या आत संमतीला कायद्यात जागा नाही, म्हणून जन्मतारखेवर सगळं उभं असतं. मुख्याध्यापक जनरल रजिस्टर घेऊन येतात. लांबलचक वही, कोपरे दुमडलेले. मुलीच्या नावापुढे १ जून. वरच्या नावापुढे १ जून. खालच्याही. खेड्यापाड्यात शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी जूनची पहिली टाकत आले, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मी मुख्याध्यापकांना विचारते, ही तारीख कोणत्या कागदावरून लिहिली? दाखला जोडलाय का? नाव घालायला कोण आलं होतं? त्या नोंदीवरची सही तुमची आहे का? ते त्या शाळेत तेव्हा नोकरीलाच नसतात. बालन्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे शाळेचा दाखला आधी, तो नसेल तर ग्रामपंचायतीची जन्मनोंद, आणि काहीच नसेल तर हाडांची तपासणी, असा क्रम आहे. वहीतल्या एका ओळीवर एका मुलाची दहा-वीस वर्षं ठरतात. म्हणून त्या ओळीचा उलटतपास मी घाईत उरकत नाही.

अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला वाचायला लावते. २००३ मध्ये एका कुटुंबावर दरोडा, पाच खून, आई आणि मुलीवर बलात्कार. भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना त्यात पकडलं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. वाचलेल्या साक्षीदार बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या फोटोंमधून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं. त्या चौघांचा तपास झाला नाही. सहा माणसांची सोळा वर्षं गेली. त्या बाईने ज्यांच्याकडे बोट दाखवलं, त्यांच्यापर्यंत कुणी गेलंच नाही. तिचीही फसवणूक झाली, आणि ती उघडकीला आली आरोपींच्या वकिलांमुळे.

त्या ओळखीच्या नोंदीसारखा कागद वेळेवर हाती लागायला माणसं लागतात, आणि आमची खरी अडचण तिथे आहे. सरकार पक्षाकडे पोलीस ठाणं, मुंबईतली कलिनाची न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि तिच्या प्रादेशिक शाखा आहेत. माझ्याकडे पक्षकाराच्या मामाची मोटारसायकल असते. वीटभट्टीचं हजेरीपुस्तक मिळवायचं तर मामा जातो. मालक त्याला हाकलून देतो. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. मुद्देमाल ठाण्यातून प्रयोगशाळेत जाईपर्यंत कुठे होता, सील शाबूत होतं का, हे विचारायला माझ्या हाती ठाण्याची मुद्देमाल नोंदवही लागते, ती मिळायला अर्ज आणि दोन तारखा जातात. तोवर मुलगी साक्षीला येऊन बसलेली असते. तिला परत पाठवून पुढची तारीख घ्यायला मी तयार नसते. लोक अभिरक्षक कार्यालयात वकिलांबरोबर एक पूर्णवेळ तपास करणारा माणूस नेमावा, अटकेनंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्याने हजेरीपुस्तकं, चित्रणं, कॉल रेकॉर्ड राखून ठेवण्याची पत्रं द्यावीत, आणि आरोपीला वकील पहिल्या रिमांडलाच मिळावा. आमच्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे आम्ही ही मागणी लेखी दिली आहे. पुढच्या बैठकीत ती विषयपत्रिकेवर घ्यावी म्हणून मी परवा पुन्हा पत्र टाकलं.