अंधारातली सोबत

जुने इंग्रजी चित्रपट पाहायला आता कुणाला घराबाहेर पडावे लागत नाही. गादीवर लोळत, हातातल्या फोनवर, मध्येच थांबवून चहा करून येत ते पाहता येतात. मग ज्या परिसरातून संगणक जगभर गेले, त्या कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावी लोक संध्याकाळी तिकिटाच्या खिडकीपुढे रांग का लावतात? मुलीकडे मुक्कामाला असताना नातीला घेऊन तीन-चार वेळा मी त्या रांगेत उभा राहिलो, तेव्हा कुठे याचे उत्तर उमगले.

युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूवरचे हे ‘स्टॅनफर्ड’ थिएटर १९२५ साली, मूकपटांच्या काळात उघडले. जुन्या थिएटरांच्या नशिबी येते तेच त्याच्याही नशिबी यायचे. पण १९८७ साली डेव्हिड पॅकार्ड यांनी तिथे फ्रेड अ‍ॅस्टेअरच्या चित्रपटांचा महोत्सव भरवला. हे ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या संस्थापकाचे चिरंजीव, आणि अभ्यास मात्र प्राचीन ग्रीकचा! पुढे पॅकार्ड प्रतिष्ठानने थिएटर विकत घेतले, त्याला मूळचे रूप दिले आणि १९८९ साली ते पुन्हा सुरू झाले. तेव्हापासून इथे प्रामुख्याने १९२० ते १९६५ या काळातले हॉलिवूडचे चित्रपट दाखवतात, बहुधा एका तिकिटात दोन. संगणकाच्या कमाईवर फिल्म जगली, असा हा मौजेचा न्याय.

खेळाआधी ऑर्गन वाजतो. वादकासकट ते अवजड वाद्य जमिनीच्या पोटातून वर येते आणि लोक टाळ्या वाजवतात. चित्रपट दाखवतात तो खऱ्याखुऱ्या ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर. एका मोठ्या रिळात दोन हजार फूट फिल्म मावते, म्हणजे जेमतेम वीस-बावीस मिनिटे. म्हणून प्रोजेक्टर दोन. रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकतो. तो दिसताच ऑपरेटर दुसरे यंत्र चालू करतो; काही सेकंदांनी दुसरा ठिपका येतो आणि चित्र एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाते. ‘ठिपका आधी कुणाला दिसतो ते पाहू,’ अशी मी नातीशी पैज लावली होती. पहिल्या रिळानंतर तिला पैजेचा विसर पडला.

चित्रपट होता ‘सिंगिन इन द रेन’. १९५२ सालचा, पण गोष्ट १९२७ची. बोलपट आला आणि मूकपटांच्या नटनट्यांची तारांबळ उडाली, त्याची. त्यात एका प्रसंगी चित्र आणि आवाज यांची फारकत होते आणि बाईच्या तोंडी पुरुषाचा आवाज येतो. हाच तुकडा नातीने घरी फोनवर पाहिला होता, तोही चेहऱ्यावरची रेषा न हलवता. इथे ती हसून हसून खुर्चीतून घसरली. शेजारच्या अनोळखी आजीबाई तिच्याकडे वळल्या आणि मग त्याही पुन्हा हसू लागल्या. माझे इंग्रजी पुस्तकी, नातीचे मराठी तोडकेमोडके. एरवी जेवणाच्या टेबलावर आमच्या गप्पा चार वाक्यांत आटोपतात. त्या रात्री गाडीत ती घरापर्यंत बोलत होती.

याला केवळ भाबडेपणा म्हणू नये. ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ (१९३५) चित्रित करण्यापूर्वी मार्क्स बंधूंनी त्यातले प्रसंग गावोगावी रंगमंचावर करून पाहिले होते. लोक कुठे हसतात, किती वेळ हसतात, हे पाहून विनोद घासूनपुसून घेतले आणि हशासाठी जागा सोडल्या. एकट्याने पाहताना त्या जागा रिकाम्या राहतात आणि चित्रपट संथ वाटतो. म्हणजे प्रेक्षक हा त्या चित्रपटाचाच एक भाग होता. फोनवर नेमका तोच गळून पडतो.

आपल्या मुंबईत हे वैभव कमी नव्हते. १९३३ साली रीगल उभे राहिले, १९३८ साली इरॉस. आणि त्याच वर्षी धोबीतलावला मेट्रो, तेही खुद्द हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने आपले चित्रपट दाखवण्यासाठी बांधलेले. मेट्रोचे २००६ साली मल्टिप्लेक्स झाले. बंद पडलेले इरॉस २०२४ साली आयमॅक्स पडदा घेऊन परतले. रीगल आणि इरॉस ज्या वास्तुसमूहात येतात, त्याला २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. इमारतीला मान मिळाला, त्याचा आनंदच आहे. पण तिथे बसून हसणाऱ्या-रडणाऱ्या माणसांच्या सवयीला कोणता वारसा-दर्जा देणार?

नुसत्या तिकिटांवर असा उद्योग चालत नाही, हे उघड आहे. पालो आल्टोला पॅकार्ड भेटले. प्रत्येक गावाला भेटतीलच असे नाही. पण महिन्यातून एका रविवारी सकाळी, आहे त्या थिएटरात एक जुना चित्रपट, हे काही अशक्य नाही. चॅप्लिन असो की आपले प्रभातचे चित्रपट, प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्यांनी १९६८ पासून ही हौस जोपासलीच आहे. तिला घरच्या मुलांची जोड हवी. जुने चित्रपट आता कुठेही मिळतील. अनोळखी माणसांबरोबर एकाच वेळी हसायची संधी मात्र मुलांना आपणच हात धरून दाखवायला हवी.