देणारा आणि घेणारा एकाच पंगतीत

1972चा दुष्काळ आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना अजून आठवतो. त्या काळात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड परिसरात गावोगावी बोअर घेऊन हापसे बसवले जात होते. काही गावांत हापसा दलित वस्तीत बसला. पाणी हवे तर सगळ्यांनी तिथेच यायचे! ज्या वस्तीला गावाची विहीर बंद होती, तिच्या दारात गावाने घागरी घेऊन रांग लावली.

यामागे होते डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य. वेल्लोरला शिकून दोघांनी वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काही वर्षे काम केले. बरा होऊन घरी गेलेला रुग्ण पुन्हा तोच आजार घेऊन परत येतो, हे त्यांनी तिथे पाहिले. आजाराचे मूळ गावात होते. घाण पाण्यात, उपासमारीत, शिवाशिवीत. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन 1970मध्ये ते जामखेडला आले. ख्रिस्ती संस्थांनी आर्थिक साथ दिली. गावच्या पुढाऱ्यांनी जनावरांच्या दवाखान्याची जुनी इमारत दिली. मिशनचा पैसा आणि गावाची जागा, अशी ही भागीदारी सुरू झाली.

पहिला बेत मात्र फसला. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहायला तयार होईनात, आणि बायकाही त्यांच्यापुढे मन मोकळे करीनात. मग गावानेच आपल्यातली बाई निवडायची असे ठरले. निवडलेल्या बहुतेक बायका निरक्षर, कित्येक दलित. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, शिकत, एकत्र स्वयंपाक करून जेवत आणि एकाच मोठ्या गोधडीखाली झोपत. जात सोडा, असे व्याख्यान देण्यापेक्षा ती गोधडी जास्त कामाला आली.

गावी परतल्यावर त्या बाळंतपण करत, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचे पाणी पाजायला शिकवत, कुष्ठरोग्याला औषध चुकू देत नसत. ज्या बाईला कुणी ओट्यावर चढू दिले नसते, तिलाच आता घरोघरी रात्री-बेरात्री बोलावणे येई. पुरुषांची शेतकरी मंडळे झाली, बायकांची महिला मंडळे उभी राहिली. 1971मध्ये या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी 176 वर्षाच्या आत दगावत. 1990च्या दशकात हा आकडा तिशीच्या खाली आला. 1979मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते दोघे आज नाहीत. पण काम थांबले नाही, कारण ते गावातल्या बायकांच्या हाती गेले होते.

आपल्या गावातही शिबिरे होतात, धान्याच्या पिशव्या वाटल्या जातात, फोटो छापून येतात. देणारे सर्व धर्मांचे असतात आणि त्यांची तळमळ खरी असते. पण काय द्यायचे, कुणाला, कधी, हे ठरवताना घेणाऱ्यांपैकी कुणी त्या बैठकीत बसलेले असते का? पुढच्या शिबिराआधी आपल्या शेजारच्या वस्तीतल्या एका बाईला एवढेच विचारून पाहू या, 'ताई, तुमच्याकडे आधी काय व्हायला हवं?' कदाचित उत्तर औषधाचे नसेल, गटाराचे असेल. मग शिबिराआधी गटाराचे काम हाती घ्यायची तयारी मात्र हवी.