उंचावरचे मैदान आणि अर्धा गोल

10 ऑक्टोबर 2024 रोजी बोलिव्हियाने विश्वचषक पात्रता सामन्यात कोलंबियाला 1-0 असे हरवले. कोलंबिया त्याच वर्षीच्या कोपा अमेरिकाचा उपविजेता, आणि बोलिव्हिया तर त्या दिवशी बराच वेळ दहाच खेळाडूंनिशी खेळत होता. पाच दिवसांनी हाच संघ ब्वेनोस आयरेसला गेला आणि अर्जेंटिनाकडून 6-0 असा सपाटून मार खाऊन परतला. त्यातले तीन गोल एकट्या मेस्सीचे. दरम्यान संघ तोच होता, प्रशिक्षक तोच होता. बदलली होती ती मैदानाची उंची. कोलंबियाविरुद्धचा सामना एल आल्तो शहरात, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून अधिक उंचीवर झाला. आपल्या कळसूबाईची उंची 1,646 मीटर. एल आल्तोचे मैदान त्याच्या जवळजवळ अडीचपट उंच.

घरच्या मैदानाचा फायदा जगभर सगळ्याच संघांना होतो. प्रेक्षकांचा आरडाओरडा, पंचांवर नकळत येणारे दडपण, पाहुण्यांचा प्रवास, ओळखीचे गवत अशी त्याची नेहमीची कारणे सांगितली जातात. ती सगळी खरी असली तरी प्रत्येकाचा वाटा वेगळा काढून मोजणे अवघड. उंचीचे तसे नाही. तिला आकडा असतो, म्हणूनच शास्त्रज्ञांना हा विषय आवडतो. ऑक्सफर्डच्या पॅट्रिक मॅकशॅरी यांनी दक्षिण अमेरिकेतील दहा देशांच्या शंभर वर्षांतल्या 1,460 सामन्यांचे निकाल तपासले आणि 2007 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष मांडले. दोन्ही संघ सारख्याच उंचीवरचे असतील तर यजमान जिंकण्याची शक्यता सुमारे 54 टक्के. यजमान पाहुण्यांपेक्षा 3,695 मीटर उंचावरचा असेल, म्हणजे बोलिव्हियाने ब्राझीलला घरी बोलावले असेल, तर तीच शक्यता 82 टक्क्यांवर जाते. उंचीतला फरक हजार मीटरने वाढला की गोलफरक यजमानांच्या बाजूने साधारण अर्ध्या गोलाने सरकतो. फुटबॉलमध्ये कितीतरी सामने एका गोलाने सुटतात, तिथे हा हिशेब लहान नाही.

अर्धा गोल येतो कुठून? पहिला वाटा शरीराचा. लेहला जाऊन आलेल्यांना हे समजावून सांगायला नको. पहिल्या दिवशी खोलीवर पडून राहा, जिने चढू नका, अशी तंबी टूरवाले तिथे देतात. बोलिव्हियातल्या ला पाझचे एर्नान्दो सिलेस स्टेडियम लेहहूनही थोडे उंच, सुमारे 3,600 मीटरवर आहे. तिथल्या हवेतही ऑक्सिजनचे प्रमाण 21 टक्केच असते. कमी असतो तो हवेचा दाब, समुद्रकिनाऱ्याच्या जेमतेम दोन तृतीयांश. त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनचे रेणूच कमी येतात. करोनाकाळात घरोघरी बोटाला लावलेला ऑक्सिमीटर तिथे नुकत्याच उतरलेल्या धडधाकट खेळाडूला लावला तर आकडा नव्वदीच्या आसपास घुटमळेल.

गंमत अशी की, एकच जोरदार धाव घ्यायला यातून फारशी अडचण येत नाही. त्या पाच-सहा सेकंदांची ऊर्जा स्नायूंत आधीच साठवलेली असते. अडचण येते ती दुसऱ्या धावेला. रिकामा झालेला साठा पुन्हा भरायला ऑक्सिजन लागतो आणि तोच कमी. फुटबॉल म्हणजे नव्वद मिनिटे धाव, चाल, धाव, चाल. म्हणून पाहुणा संघ पहिली वीस-पंचवीस मिनिटे नेहमीसारखा दिसतो. पुढे मात्र बचावपटू हल्ल्यात पुढे गेला की वेळेत मागे येत नाही, मधल्या फळीत भगदाडे पडतात आणि गुडघ्यांवर हात टेकून उभे राहणाऱ्यांची संख्या वाढत जाते.

25 जुलै 1993 चा सामना या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. विश्वचषक पात्रता फेरीत तोवर एकही सामना न हरलेला ब्राझील ला पाझमध्ये 87 मिनिटे 0-0 वर तग धरून होता. त्यांचा गोलरक्षक तफारेल याने पेनल्टीसुद्धा अडवली होती. 88व्या मिनिटाला बोलिव्हियाचा मार्को एचेव्हेरी डावीकडून आत घुसला. त्याने मारलेला चेंडू त्याच तफारेलच्या पायाला लागून जाळ्यात गेला. पुढच्याच मिनिटाला आल्वारो पेन्याने दुसरा गोल केला. परतीच्या सामन्यात रेसिफेच्या समुद्रकाठी ब्राझीलने बोलिव्हियाला 6-0 ने धुतले, आणि वर्षभरात विश्वचषकही जिंकला.

दुसरा वाटा चेंडूचा. 1996 मध्ये किटोला इक्वेडोरकडून हरल्यावर अर्जेंटिनाचे प्रशिक्षक दानिएल पासारेला म्हणाले, ‘इथे चेंडू वळत नाही.’ त्यावर अर्जेंटिनात त्यांची यथेच्छ टिंगल झाली. भौतिकशास्त्र मात्र बऱ्याच अंशी पासारेलांच्या बाजूने आहे. फिरकी दिलेला चेंडू हवेला एका बाजूला ढकलतो आणि हवा त्याला उलट बाजूला, म्हणून तो वळतो. हवा विरळ झाली की हा रेटा त्याच प्रमाणात घटतो. किटो 2,850 मीटरवर, ला पाझ त्याहून वर. ला पाझमध्ये हवेची घनता सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. म्हणजे 25 मीटरवरून मारलेली जी फ्री किक रिओत तीन मीटर वळेल, ती इथे ढोबळमानाने दोनच मीटर वळेल. गोलच्या दोन खांबांतले अंतर 7.32 मीटर असताना एक मीटर म्हणजे गोल आणि खांबाबाहेरचा जाहिरातफलक यांच्यातला फरक. शिवाय हवेचा अडथळा कमी असल्याने चेंडूचा वेग फारसा पडत नाही. तो नेहमीपेक्षा सेकंदाचा काही शतांश भाग आधी पोहोचतो. आयुष्यभर समुद्रसपाटीचा अंदाज हातात मुरलेल्या गोलरक्षकाला तेवढा उशीर पुरतो. लांबून फटके मारण्याची बोलिव्हियन खोड त्यातूनच आली असावी.

यावर उपाय काय? शरीर सरावते, पण सावकाश. पहिल्या काही तासांत श्वास जोरात चालू लागतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. रक्ताचे बिघडलेले संतुलन सावरायला मूत्रपिंडांना काही दिवस लागतात, आणि तांबड्या पेशी वाढायला काही आठवडे. मधल्या काळातच डोकेदुखी, मळमळ, उडालेली झोप हा त्रास होतो. तो बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतो. त्यामुळे पाहुण्यांपुढे दोनच शहाणे मार्ग उरतात. दोन-तीन आठवडे आधी यायचे, नाहीतर दोन-तीन तास आधी. युरोपातले क्लब आपले महागडे खेळाडू आठवडेच्या आठवडे सोडत नाहीत. म्हणून बहुतेक संघ 416 मीटरवरच्या सान्ता क्रूस शहरात मुक्काम करतात, सामन्याच्या दिवशी विमानाने वर येतात, खेळतात आणि डोके दुखायच्या आत खाली उतरतात. 2017 मध्ये ला पाझला 0-0 बरोबरी झाल्यावर तोंडाला ऑक्सिजनचे मुखवटे लावलेल्या ब्राझीलच्या खेळाडूंचा फोटो नेमारने टाकला आणि इथे खेळायला लावणे अमानुष असल्याची तक्रार केली.

आता नाण्याची दुसरी बाजू. उंची एवढी हुकमी असती तर बोलिव्हिया दर विश्वचषकात दिसला असता. प्रत्यक्षात मैदानावर पात्रता मिळवून तो विश्वचषक खेळला एकदाच, 1994 मध्ये. ला पाझच्या बोलिव्हार क्लबने 2004 च्या कोपा सुदामेरिकानाच्या अंतिम फेरीत बोका ज्युनियर्सला घरी 1-0 हरवले, पण खाली बोकाच्या बोम्बोनेरा मैदानावर 2-0 हरून चषक गमावला. 1997 च्या कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने तर ला पाझमध्येच 3-1 ने बाजी मारली. डोंगर घरचे गुण देतो, बाहेरचे देत नाही. 2026 च्या पात्रता फेरीत बोलिव्हियाने मिळवलेल्या 20 गुणांपैकी 17 घरचे होते.

याच फेरीत त्यांनी एक धाडसी प्रयोगही केला. ला पाझमध्ये अर्जेंटिना आणि इक्वेडोरकडून हरल्यावर 2024 मध्ये घरचे सामने आणखी वर, एल आल्तोला नेले. तिथल्या सहा सामन्यांत चार विजय, दोन बरोबऱ्या, हार एकही नाही. शेवटचा बळी ब्राझील, 9 सप्टेंबर 2025 रोजी 1-0. या निकालाने बोलिव्हिया सातव्या क्रमांकावर येऊन आंतरखंडीय प्ले-ऑफमध्ये पोहोचला. पण सगळे श्रेय चढाला देण्याची घाई नको. त्याच सुमारास प्रशिक्षक बदलला, तरुण खेळाडू आले, आणि सहा सामने हा नमुना फारच लहान आहे. याच संघाने सांतियागोत चिलीला हरवले, आणि तो पात्रता फेरीतला परदेशातला 31 वर्षांतला पहिला विजय होता. तिथे डोंगर मदतीला नव्हता.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. 1993 चा नायक एचेव्हेरी सखल भागातल्या सान्ता क्रूसचा, तिथल्या ताहुइची अकादमीत शिकलेला. 2025 मध्ये ब्राझीलविरुद्ध निर्णायक पेनल्टी मारणारा मिगेल तेर्सेरोस तर ब्राझीलच्याच सान्तोस या बंदराच्या क्लबात घडलेला. म्हणजे अँडीजमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहून रुंदावलेल्या छातीचे आणि दाट रक्ताचे कौतुक खरे असले, तरी सामने जिंकून देणारे पाय पुष्कळदा खालून आलेले असतात. त्यांचा फायदा सरावाच्या दिवसांचा आणि ओळखीच्या चेंडूचा. पाहुण्यांना वेळ मिळाला तर तो त्यांनाही मिळवता येईल.

म्हणूनच उंचावरच्या सामन्यांवर फिफाने 2007 मध्ये घातलेल्या बंदीचा मला आजही राग येतो. आधी 2,500 मीटर, मग 3,000, मग 2,750 अशी मर्यादेची रेघ सरकत राहिली. बोलिव्हियाचे राष्ट्राध्यक्ष एवो मोरालेस यांनी निषेध म्हणून सुमारे सहा हजार मीटरवर सहामा पर्वतावर फुटबॉल खेळून दाखवला. मॅराडोनाही पाठिंबा द्यायला ला पाझमध्ये येऊन खेळला. 2008 मध्ये फिफाने माघार घेतली. पुढच्याच वर्षी, 1 एप्रिल 2009 ला, मॅराडोनाच्याच मार्गदर्शनाखालचा मेस्सीसह आलेला अर्जेंटिना ला पाझमध्ये 6-1 ने हरला. असे निकाल पाहिले की बंदीची मागणी पुन्हा डोके वर काढते. पण कोलंबियाकडे 2,600 मीटरवरचे बोगोता असताना त्यांचा राष्ट्रीय संघ पाहुण्यांना कॅरिबियन किनाऱ्यावरच्या दमट बारान्कियात, कित्येकदा दुपारी साडेतीनला खेळवतो. आपले खेळाडू त्या उकाड्याला सरावलेले आणि दक्षिणेकडचे पाहुणे नाहीत, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. डोंगरावर बंदी घालायची असेल तर फिफाने आधी ती बारान्कियाच्या दुपारवर घालून दाखवावी.